हार्नेस कधी सोडायचा?

मूल चारेक वर्षांचं झालं की गाडीत एक नवा वाद सुरू होतो. दोन वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली कार सीट आता त्याला अवघड होऊ लागलेली असते. खांद्यांवरचे पट्टे लावताना ते अंग चोरतं. शाळेत कुणीतरी ‘मी तर मोठ्यांचा बेल्ट लावतो’ असं सांगितलेलं असतं. दुकानातला बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करणारं आसन, दिसायला सुटसुटीत, उचलायला हलका आणि किमतीलाही कमी असतो. मग आईबाबांना वाटतं, आता बूस्टरच घेऊन टाकू.

या प्रकरणात त्या ‘घेऊन टाकू’च्या आधी थोडं थांबायचं आहे. मुख्य मुद्दा सुरुवातीलाच सांगायला हवा: बूस्टर ही बढती नाही. मागे तोंड करून बसणं, मग पुढे तोंड करून हार्नेसमध्ये (कार सीटच्या स्वतःच्या पट्ट्यांत) बसणं, मग बूस्टर, मग नुसता बेल्ट, अशा चार पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर मूल थोडं संरक्षण मागे सोडतं. ते पुढे त्याच्या स्वतःच्या हाडांनी आणि नीट बसण्याच्या सवयीने भरून काढायचं असतं. ती हाडं आणि ती सवय तयार झाली आहे का, हे पाहूनच पुढची पायरी चढायची. वाढदिवस, शाळेची इयत्ता किंवा शेजारच्या मुलाची सीट पाहून हे ठरत नाही.

धडकेच्या त्या क्षणात

ताशी ५० किलोमीटर हा शहरातला साधा वेग. सेकंदाच्या हिशेबात तो जवळपास १४ मीटर होतो. या वेगाने गाडी समोरच्या अडथळ्यावर आदळली, तर सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात ती थांबते. आतलं मूल मात्र काहीतरी अडवेपर्यंत त्याच वेगाने पुढे जात राहतं. १६ किलोच्या मुलाला एवढ्याशा वेळात थांबवायचं तर सरासरी सव्वादोनशे किलोंचं ओझं पेलण्याइतका जोर लागतो, आणि धडकेच्या ऐन क्षणी त्याहूनही जास्त. १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या आसपासहून पडल्यावर जमिनीशी जो वेग असतो, तोच हा वेग.

म्हणून ‘अगं, मांडीवर दे माझ्या, मी धरून ठेवते की घट्ट’ या आजीच्या वाक्यामागे कितीही माया असली, तरी ते कुणाच्याच हातून होणारं काम नाही. ही समजूत फक्त आपल्याकडची आहे असंही नाही. अमेरिकेतलं टेनेसी हे लहान मुलांसाठी कार सीट सक्तीची करणारं पहिलं राज्य. डॉ. रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञाने पाठपुरावा केल्यामुळे १९७७ मध्ये तिथे कायदा झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून तो लागू झाला. पण त्या पहिल्या कायद्यातही मूल कुणा मोठ्याच्या हातात असेल तर चालेल, अशी पळवाट ठेवलेली होती. सँडर्स तिच्याविरुद्ध लढत राहिले आणि १९८१ मध्ये ती काढून टाकली गेली.

चांगल्या बेल्टला दोन कामं करावी लागतात. पहिलं काम म्हणजे मुलाला गाडीशी घट्ट जोडून ठेवायचं, म्हणजे गाडीचा पुढचा भाग चेपत थांबताना मूलही तिच्यासोबत हळूहळू थांबतं. दुसरं काम म्हणजे थांबवण्याचा सगळा जोर शरीराच्या मजबूत हाडांवर टाकायचा: खाली कमरेच्या हाडावर, वर खांद्यावर आणि छातीच्या पिंजऱ्यावर. पोट आणि मान यांच्यावर तो अजिबात येता कामा नये. हार्नेस आणि बूस्टर हीच दोन कामं वेगवेगळ्या रीतीने करतात, आणि निवड कशी करायची हे त्या फरकावरून ठरतं.

कमरेचं हाड आणि पोट

स्वतःच्या कमरेवर दोन्ही हात ठेवून पाहा. समोरच्या बाजूला बोटांना दोन टोकदार हाडं लागतील. मोठ्यांचा कमरेचा बेल्ट नीट बसतो तो या टोकांच्या खाली, मांड्यांना लागून. धडकेत शरीर पुढे गेलं की बेल्ट या हाडांत अडकतो आणि वर सरकत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या कमरेला हात लावून पाहिलं, तर ती टोकं जेमतेम जाणवतात. तिथलं हाड अजून लहान आणि गोलसर असतं. बेल्टला रोखू शकेल असा आकार त्याला यायला वयाची दहा वर्षं उजाडतात.

त्यात सीटचं मापही मोठ्या माणसाचं. मुलाची मांडी सीटच्या खोलीपेक्षा आखूड असते. पाठ टेकवून बसलं तर गुडघे सीटच्या काठापर्यंत पोचत नाहीत, पाय सरळ समोर राहतात आणि पोटऱ्यांना काठ टोचतो. मग मूल आपोआप पुढे घसरून, पोक काढून बसतं. कमरेचा बेल्ट पोटावर चढतो, खांद्याचा बेल्ट गळ्याला घासतो, आणि ते टाळायला मूल तो काखेखाली किंवा पाठीमागे टाकतं. या अवस्थेत धडक बसली तर शरीर बेल्टखालून घसरतं आणि सगळा जोर पोटावर येतो. आतडी, यकृत, प्लीहा आणि कमरेचे मणके अशा दुखापती एकत्र दिसतात. बेल्टमुळे होणाऱ्या या दुखापतींचं वर्णन गॅरेट आणि ब्राउनस्टाइन यांनी १९६२ मध्येच केलं होतं. त्या वेळी बेल्ट असलेल्या बहुतेक मोटारींत केवळ कमरेचे बेल्ट असायचे.

बेल्टने जीव वाचतात, यात शंका नाही. मुद्दा एवढाच की तो बेल्ट मोठ्या माणसाच्या हाडांसाठी बेतलेला आहे. मूल त्या मापाचं होईपर्यंत मधलं काही वर्षांचं अंतर कशाने तरी भरून काढावं लागतं.

हार्नेस काय करतो

पाच टोकांच्या हार्नेसमध्ये मूल गाडीच्या बेल्टवर अवलंबून नसतं. दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेच्या बाजूंनी आणि एक दोन पायांच्या मधून येतो, आणि पाचही एका बकलमध्ये मिळतात. मधला पट्टा कमरेचे पट्टे खाली धरून ठेवतो, त्यामुळे ते पोटावर चढू शकत नाहीत. खांद्यावरचे दोन पट्टे धड दोन्ही बाजूंनी धरतात. मूल वाकलं, झोपलं, खाली पडलेलं खेळणं उचलायला धडपडलं, तरी धड जागेवरच राहतं. मुलाने नीट बसावं अशी अपेक्षाच हार्नेस करत नाही, आणि लहान मुलासाठी त्याचं मोठेपण यातच आहे.

अर्थात तो नीट लावलेला असेल तर. खांद्याचे पट्टे पुढे तोंड असलेल्या सीटमध्ये मुलाच्या खांद्यांच्या पातळीवर किंवा किंचित वरून निघायला हवेत. ताणून झाल्यावर खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरून पाहावा. चिमटीत कापड आलं तर पट्टा सैल आहे, बोटं नुसती घसरली तर बरोबर आहे. थंडीचा जाड कोट आत असेल तर ही परीक्षा फसवते, कारण धडकेत कोट चेपतो आणि मधे चांगली फट पडते. शिकागो किंवा टोरांटोत राहणाऱ्या घरांनी कोट काढून आधी पट्टे लावावेत आणि मग कोट वरून पांघरावा. सीट स्वतः जिथे बांधली आहे त्या जागी धरून हलवली तर अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. सीटच्या माथ्यावरून मागे जाणारा टॉप टेथर नावाचा पट्टा असेल तर तोही लावायलाच हवा. तो न लावणारे पुष्कळ आहेत, पण त्याने डोकं पुढे फेकलं जाण्याचं अंतर सुमारे १० ते १५ सेंटिमीटरने कमी होतं.

मग हार्नेसमध्ये दहा वर्षांपर्यंत का बसवू नये? याचं उत्तर जोर कुठे जातो यात आहे. हार्नेसमध्ये मूल सीटला बांधलेलं असतं आणि सीट गाडीला. धडकेत मूल आणि सीट या दोघांचंही वजन गाडीत सीट अडकवायला बसवलेल्या आयसोफिक्सच्या कड्यांवर किंवा सीट बांधणाऱ्या बेल्टवर येतं. म्हणून युरोपच्या आर-१२९ या मानकात सीट आणि मूल मिळून ३३ किलोंची मर्यादा धरली आहे, तर अमेरिकेत खालच्या कड्यांसाठी दोघांचं मिळून सुमारे २९.५ किलो. मूल जड होत गेलं की सीटचा सांगाडा, पट्टे आणि कड्या यांना तो भार पेलवेनासा होतो.

बूस्टर काय करतो

बूस्टर मुलाला धरत नाही. तो मुलाला वर उचलतो, एवढंच. उंची वाढल्याने खांद्याचा बेल्ट गळ्याऐवजी खांद्याच्या मधून जातो. बसायची जागा आखूड झाल्याने गुडघे काठावर वाकतात आणि पोक काढायची गरज उरत नाही. बाजूच्या हातांखालून जाणारा कमरेचा बेल्ट मांड्यांवर खाली राहतो. मुलाला थांबवण्याचं सगळं काम मात्र गाडीचा तीन टोकांचा बेल्ट करतो. तो बेल्ट व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये आणला, आणि त्याच व्होल्वोने सत्तरच्या दशकात मुलांना त्या बेल्टच्या मापाला आणणारी बूस्टरची उशी काढली.

बूस्टर चांगलं काम करतो याचा पुरावा भक्कम आहे. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयातल्या संशोधकांनी हजारो अपघातांची माहिती गोळा केली. डर्बिन, इलियट आणि विन्स्टन यांनी २००३ मध्ये मांडलं की ४ ते ७ वर्षांच्या मुलांत नुसत्या बेल्टच्या तुलनेत बूस्टरमध्ये दुखापतीची शक्यता ५९ टक्क्यांनी कमी होते. पुढे २००९ मधल्या विश्लेषणात ४ ते ८ वर्षांसाठी हा आकडा ४५ टक्के आला. दोन्ही आकडे ‘नुसता बेल्ट की बूस्टर’ या प्रश्नाचे आहेत, हे ध्यानात ठेवावं. बूस्टर हार्नेसपेक्षा चांगला, असा अर्थ त्यांतून काढता येत नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने ३ आणि ४ वर्षांच्या मुलांकडे वेगळं पाहिलं, तेव्हा हार्नेस सोडून लवकर बूस्टरवर आलेल्या मुलांत दुखापतीचा धोका वाढलेला दिसला.

स्वीडन, अमेरिका आणि आपण

हा निर्णय सगळीकडे एकसारखा घेतला जात नाही, आणि त्यामागची कारणं शिकण्यासारखी आहेत.

स्वीडनमध्ये पुढे तोंड करून हार्नेस ही पायरी जवळजवळ गाळलीच जाते. तिथले प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांनी जेमिनी यानातल्या अंतराळवीरांची आसनं पाहिली. उड्डाणाचा जोर सगळ्या पाठीवर पसरावा म्हणून ते पाठीवर निजलेले असायचे. त्यावरून आल्डमन यांनी १९६४ मध्ये मागे तोंड असलेली मुलांची सीट तपासून पाहिली. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं, मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात. पुढे तोंड असताना हार्नेस धड घट्ट धरतो आणि डोकं पुढे फेकलं जातं, तेव्हा मानेवर मोठा ताण येतो. म्हणून स्वीडिश कुटुंबं मुलाला चार वर्षांपर्यंत, जमेल तर त्याहूनही पुढे मागे तोंड करून बसवतात आणि तिथून थेट उंच पाठीच्या बूस्टरवर आणतात.

अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं की मागे तोंड करून जितका काळ शक्य तितका काळ बसवा, मग पुढे तोंड करून हार्नेसमध्येही सीटच्या मर्यादेपर्यंत ठेवा. तिथल्या अनेक सीटमध्ये हार्नेसची मर्यादा ६५ पौंड, म्हणजे सुमारे २९ किलो असते. त्यामुळे तिथलं सहा वर्षांचं मूल हार्नेसमध्ये दिसलं तर नवल नाही.

आपल्याकडच्या सीट बहुतेक जुन्या युरोपीय मानकाच्या, आणि आपलं एआयएस-०७२ हे मानकही त्याच धाटणीचं आहे. तिथे वजनाचे गट आहेत: हार्नेस ९ ते १८ किलो, आणि बूस्टर १५ ते २५ आणि २२ ते ३६ किलो. यात १५ ते १८ किलोंचा पट्टा दोन्ही गटांत येतो, आणि घाई नेमकी तिथेच होते. बूस्टरच्या खोक्यावर ‘१५ किलोंपासून’ असं छापलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढतक्त्यात मुलग्यांचं मधलं वजन ३ वर्षांना १४.३ किलो, ४ वर्षांना १६.३ आणि ५ वर्षांना १८.३ किलो आहे. म्हणजे खोक्यावरचा आकडा प्रमाण मानला तर साडेतीन वर्षांचं मूल बूस्टरवर येईल, आणि त्या वयात तासभर पाठ टेकवून सरळ बसणारी मुलं क्वचितच. छापलेला आकडा मानकाने चालणारी किमान मर्यादा सांगतो. तुमचं मूल तयार आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या पालकांच्या ध्यानात यायला हवी. आपली बरीच मुलं या तक्त्यापेक्षा हलकी असतात, म्हणून १८ किलो व्हायला कधी कधी सहावं वर्ष लागतं. वजन मर्यादेत असतं, पण उंची वाढलेली असते. खांदे पट्ट्याच्या सगळ्यात वरच्या खाचेच्या वर गेले, तर वजन कितीही कमी असो, ती सीट संपली. युरोपच्या नव्या आर-१२९ मानकात तर वजनाऐवजी उंचीच पाहतात. तिथे हार्नेसची सीट साधारण १०५ सेंटिमीटरपर्यंत, बूस्टर १०० सेंटिमीटरपासून, आणि पाठ नसलेला बूस्टर १२५ सेंटिमीटरपासून.

निर्णय कसा घ्यायचा

सगळ्या माहितीचं सार चार प्रश्नांत येतं. ते या क्रमानेच विचारावेत.

पहिला: मूल हार्नेसमध्ये अजून मावतं का? वजन सीटच्या मर्यादेत, खांदे वरच्या खाचेच्या खाली, आणि डोकं पाठीच्या माथ्याच्या वर गेलेलं नाही, अशा तिन्ही अटी पूर्ण होत असतील तर बूस्टरची घाई नको.

दुसरा: मूल नीट बसतं का? घराजवळच्या दहा मिनिटांच्या फेरीवरून हे ठरवू नये. जागेपणी समजूतदार असलेलं मूलही कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटाच्या वळणांत झोपलं, की धड एका बाजूला कलंडतं, खांद्याचा बेल्ट दंडावर येतो आणि बूस्टरचा उपयोग अर्ध्यावर येतो. प्रवासात हमखास झोपणारं, पुढे वाकून भांडणारं, बेल्ट काखेखाली घालणारं मूल अजून हार्नेसचंच आहे.

तिसरा: तुमच्या गाडीत तीन टोकांचा बेल्ट आहे का, आणि तो चालू आहे का? बूस्टर नुसत्या कमरेच्या बेल्टवर कधीही वापरू नये, कारण धड मोकळं राहतं आणि डोकं पुढच्या सीटवर आपटतं. जुन्या गाड्यांत मागच्या मधल्या जागेवर बहुतेकदा कमरेचाच बेल्ट असतो, म्हणून बूस्टर कडेच्या जागेवरच बसवावा. आणि कडेचे बेल्ट तरी हाती लागतात का, ते पाहावं. हौसेने शिवून घेतलेल्या सीट कव्हरखाली बकल दडपलेलं असणं आपल्याकडे अगदी नेहमीचं आहे. ते बाहेर काढल्याशिवाय बूस्टर म्हणजे फक्त उंच पाट. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावरच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी मागे बसलेले सहप्रवासी दगावले. दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता. पुढचे दोघे वाचले. त्यानंतर मागच्या बेल्टची चर्चा महाराष्ट्रभर झाली, आणि बूस्टरवरच्या मुलाची सगळी सुरक्षा त्याच बेल्टवर उभी आहे.

चौथा: कोणता बूस्टर? सुरुवात नेहमी उंच पाठीच्या बूस्टरने करावी. त्याच्या बाजूच्या पंखांमुळे झोपलेलं डोकं सावरतं, बाजूच्या धडकेत आधार मिळतो, आणि खांद्याचा बेल्ट जागेवर ठेवायला वाट मिळते. पाठ नसलेला बूस्टर पुढचा, आणि तोही गाडीच्या सीटचा हेडरेस्ट निदान मुलाच्या कानांच्या वर येत असेल तरच. आपल्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मागचे हेडरेस्ट ठेंगणे आणि सीटला जोडलेलेच असतात. तिथे उंच पाठ हाच पर्याय.

उदाहरणं घेऊन पाहू. साडेतीन वर्षांची मुलगी, १५ किलो, ९८ सेंटिमीटर: बूस्टरचं खोकं हो म्हणतं, पण तिने हार्नेसमध्येच राहावं. पाच वर्षांचा मुलगा, १७ किलो, ११० सेंटिमीटर, खांदे वरच्या खाचेच्या वर: वजन बाकी असलं तरी हार्नेस संपला, आता उंच पाठीचा बूस्टर. पाच वर्षांची मुलगी, १७ किलो, १०४ सेंटिमीटर, हार्नेसमध्ये मावते आणि बसतेही नीट: दोन्ही चालतात. अशा घरात दोन्ही सीट हाताशी असतील तर रात्रीच्या लांबच्या प्रवासाला हार्नेस आणि दिवसाच्या छोट्या फेऱ्यांना बूस्टर, असं काही महिने करणं शहाणपणाचं. आणि साडेपाच वर्षांचा, १९ किलोंचा, एक क्षण स्वस्थ न बसणारा मुलगा? १८ किलोंच्या सीटमध्ये त्याला ठेवता येणार नाही. त्याच्यासाठी जास्त मर्यादेचा हार्नेस असलेली सीट शोधावी. ती मिळेना तर उंच पाठीचा बूस्टर घ्यावा, आणि सुरुवातीला घरातलं कुणी मोठं माणूस मागे त्याच्या शेजारी बसावं.

‘९ ते ३६ किलो’ असं लिहिलेल्या, एकातच सगळं असलेल्या सीट आपल्याकडे बऱ्याच विकल्या जातात. तिथे प्रश्न नव्या खरेदीचा नसतो. त्याच सीटमधला हार्नेस कधी काढायचा, एवढाच असतो. १८ किलोंपर्यंत हार्नेस, त्यानंतर तो पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे काढून ठेवायचा आणि गाडीचा बेल्ट बूस्टरच्या वाटेने न्यायचा. हार्नेस आणि बूस्टर यांच्या बेल्टच्या वाटा वेगळ्या असतात आणि सीटवर त्या खुणांनी दाखवलेल्या असतात. पुस्तिका फेकून देऊ नये, गाडीच्याच खणात ठेवावी.

बूस्टर बसवला की

पहिले काही दिवस मूल बसलं की स्वतः वाकून पाहावं. कमरेचा बेल्ट मांड्यांच्या वरच्या टोकाला टेकलेला असावा. त्याने पोटाला स्पर्श करू नये. खांद्याचा बेल्ट मान आणि खांद्याचं टोक यांच्या बरोबर मधून जावा. तो कुठेही पिळलेला नसावा आणि काखेखालून तर अजिबात नसावा. पाठ पूर्ण टेकलेली असावी. मोकळा बूस्टरसुद्धा बेल्टने बांधून ठेवावा, नाहीतर धडकेत तोच कुणाच्या तरी डोक्यावर येऊन आदळतो. मूल बसवायचं ते मागच्या सीटवर. उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याकडे उन्हात उभ्या गाडीतलं धातूचं बकल हात भाजण्याइतकं तापतं, म्हणून गाडी उभी करताना सीटवर फडकं टाकून ठेवावं.

जुनी सीट कुणाकडून घेताना ती अपघातात सापडली होती का, हे माहीत असलेल्याच माणसाकडून घ्यावी, आणि सीटवर छापलेली मुदत तपासावी. मोठ्या धडकेनंतर सीट बाहेरून शाबूत दिसली तरी बदलावी.

गाडीतल्या मुलांबाबत आपला कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांच्या सीटशिवाय गाडीतून नेल्यास १,००० रुपये दंड आहे. २०२३ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या सुरक्षा-चाचणीत गाड्यांना मुलांच्या सुरक्षेसाठी वेगळे गुण मिळतात, म्हणून नवी गाडी घेताना फक्त मोठ्यांचे तारे न पाहता मुलांचेही पाहावेत. पण कायदा ‘बेल्ट किंवा सीट’ एवढंच सांगतो. कोणत्या मुलाला काय, हे घरातल्यांनीच ठरवायचं आहे.

बूस्टरही सोडायची घाई नको

एक दिवस बूस्टरही जाणार आहे. त्यासाठी मुलाला नुसत्या सीटवर बसवून पाहायचं. पाठ पूर्ण टेकते का? गुडघे सीटच्या काठावर सहज वाकतात का? खांद्याचा बेल्ट खांद्याच्या मधून जातो का? कमरेचा बेल्ट मांड्यांवर राहतो का? आणि पूर्ण प्रवासभर हे सगळं तसंच राहतं का? पाचही उत्तरं ‘हो’ आली तरच बूस्टर काढायचा. बहुतेक मुलांना हे जमतं ते सुमारे १४५ सेंटिमीटर उंचीला, ८ ते १२ वर्षांच्या दरम्यान. ब्रिटनमध्ये कायदा १३५ सेंटिमीटर किंवा १२ वर्षं म्हणतो, जर्मनीत १५० सेंटिमीटर किंवा १२ वर्षं. आपल्याकडे मात्र बूस्टरवरून उतरायचं वय अनेक घरांत सहा-सात मानलं जातं, आणि पोटावर बेल्ट घेऊन बसणारी मुलं बहुधा याच वयाची असतात.

मूल कुरकुर करेल, त्याची तयारी ठेवावी. ‘आर्यन बसतो की बूस्टरवर!’ असं म्हटल्यावर ‘तू अजून लहान आहेस’ हे उत्तर पाच वर्षांच्या माणसाला लागतं. त्यापेक्षा खरं कारण सांगावं. त्याच्या कमरेवर त्याचा हात ठेवून हाड दाखवावं, बेल्ट कुठे टेकायला हवा ते दाखवावं, खांद्याची खाच त्याच्यासमोर मोजावी. मुलांना मोजमाप आवडतं आणि न्याय कळतो. दर सहा महिन्यांनी वजन, उंची आणि खांदे मोजण्याचा रिवाज घरात पाडला, तर बूस्टर कधी मिळणार हा प्रश्न मुलाच्या हट्टावर किंवा आईबाबांच्या कंटाळ्यावर राहत नाही. तो मोजपट्टीवर येतो, आणि पट्टी काय म्हणते ते त्या घरात सगळ्यांना मान्य असतं.